परक्यानं फुंकलेलं शिंग

समुद्रापलीकडे इंग्लंड नावाचं बेट आहे ना, तिथं फार पूर्वी सगळ्यांचा मिळून एक राजा नव्हता. जो तो सरदार आपापल्या गावांपुरता राजाच. तेव्हाची ही गोष्ट.

त्या बेटावर एक परदेशी योद्धा येऊन पडला. वैऱ्यांनी त्याच्या धन्याला मारलं होतं आणि त्याला देशोधडीला लावलं होतं. तेवढ्यावर भागलं तर ते वैरी कसले. ते त्याच्या मागावर इथवर आले. त्या काळी ज्याला धनी नाही त्याला कुणीही मारावं, जाब विचारणारं कुणी नसे. म्हणून एखाद्या सरदाराच्या पदरी जागा मिळावी, एवढ्यासाठी तो जीव मुठीत धरून हिंडत होता.

रानाच्या तोंडाशी एक म्हातारी लाकडं वेचत होती. त्यानं विचारलं, "आजी, पलीकडचा सरदार परक्याला ठेवून घेतो का?"

"घेतो की. पण बाबा, वाट सोडून रानातून जाणार असशील तर शिंग फुंकत जा. इथली रीतच आहे तशी. जो गुपचूप येतो तो चोर. त्याला गावकरी भाल्यानं भोसकतात, आणि त्यांना कुणी बोल लावत नाही."

वाटेनं जावं तर वैरी गाठणार, म्हणून त्याला रानातूनच जाणं भाग होतं. शिंग त्याच्या कमरेलाच होतं. पण फुंकलं की वैऱ्यांना ठावठिकाणा कळणार, आणि नाही फुंकलं तर गावकरी मारणार. काय करावं माणसानं? घाबरलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. गप्प राहून चालू लागला.

रानात दाट धुकं होतं. फांदी मोडली तरी त्याच्या काळजात धस्स होई. तेवढ्यात जवळच कुत्री भुंकली. तो झुडपामागे दडला आणि त्यानं तलवार उपसली.

धुक्यातून दोघे भाऊ आले, गावचे राखणदार.

"दादा, परत फिरू या," धाकटा कुजबुजला. "कुणीतरी आहे इथं. शिंग वाजलं नाही, म्हणजे चोरच."

"घरी बायकापोरं आहेत. परत कसं फिरायचं?" थोरला म्हणाला. त्याच्या हातातला भाला लटलट कापत होता.

त्या दोघांना लोळवणं योद्ध्याला काहीच जड नव्हतं. पण तो कापणारा भाला पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली. ज्यांच्याकडे आसरा मागायचा, त्यांचीच आपण पाचावर धारण बसवली. त्यानं तलवार खाली टाकली, डोळे मिटले आणि शिंग फुंकलं. सारं रान दणाणलं.

भावांनी त्याला धरून सरदारापुढे उभं केलं. पाठोपाठ आवाजाच्या मागानं वैरीही घोड्यांवरून आले.

"त्याला आमच्या हवाली करा. तो कुणाचाच नाही," ते म्हणाले.

सरदारानं त्याला विचारलं, "शिंग फुंकलं तर हे येणार, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं, सरदार."

"मग का फुंकलंस?"

"तुमची माणसं घाबरली होती. माझ्यामुळे."

सरदारानं आपल्या माणसांकडे पाहिलं. तेव्हा थोरला भाऊ पुढे आला आणि योद्ध्याच्या शेजारी उभा राहिला. मागोमाग धाकटा आला. मग हळूहळू सारं गाव आलं.

"हा आता माझा माणूस," सरदार वैऱ्यांना म्हणाला. "त्याला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे."

एवढ्या भाल्यांपुढे वैऱ्यांचं काही चालेना. त्यांनी घोडे वळवले.

"अजून भीती वाटतेय?" थोरल्यानं योद्ध्याला विचारलं.

"वाटतेय."

"मलाही वाटतेय. चल, घरी जाऊन जेवू."

तात्पर्य काय, तर आपल्या भीतीपायी दुसऱ्याला भीतीत ठेवू नये. आधी त्याची भीती घालवावी, मग तो आपल्या शेजारी उभा राहतो.