टिटवीचे गाणे, भृंगराजाचा गळा

एका जंगलात पाणवठ्याजवळच्या उघड्या माळावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. ती जमिनीवरच, खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते. पाण्याला जाणाऱ्या प्राण्यांची वाट नेमकी तिच्या चार अंड्यांजवळूनच जाई. म्हणून तिने एक गाणे रचले :

"खड्यांत खडे दिसती सारखे, चारांत माझा जीव आहे;
पाय टाकण्याआधी बघ रे, घर माझे उघड्यावर आहे."

रोज सकाळी ती हे घसा फोडून गाई. पण आवाज पडला कर्कश! "झालं हिचं सुरू," म्हणत हरणी कान पाडून निघून जाई. गवा तर म्हणाला, "बाई, ओरडायचंच तर जरा सुरात ओरड!" आणि तसाच पुढे गेला. त्याच्या खुराखाली दोन अंडी फुटली. त्याला पत्ताही नाही. आता सांगा, दोन ओळी ऐकायला याने कान काय भाड्याने आणायचे होते?

जांभळीवरून भृंगराजाने हे पाहिले. दुसऱ्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करणारा हा काळा पक्षी खाली आला. "टिटवीताई, तुझं गाणं मी म्हणू?" टिटवी म्हणाली, "म्हण बाबा. पण शब्द एकही गाळू नकोस." भृंगराजाने शब्द तेच ठेवले, चाल जरा संथ केली आणि तिच्यात बुलबुलाचा गोडवा मिसळला. झाले! दुसऱ्या दिवशी सगळे जंगल डोलू लागले. "काय गाणं काढलंय भृंगराजानं!" जो तो म्हणे. गवाही ते गुणगुणत पाण्याला निघाला. "पाय टाकण्याआधी बघ रे..." म्हणता म्हणता त्याचा पाय अधांतरीच थांबला. त्याने खाली पाहिले. खुराखालचे ते दोन खडे, खडे नव्हतेच! तो बाजूने गेला, आणि त्याच्यामागे सगळेच बाजूने जाऊ लागले.

पुढे अंड्यांतून पिल्ले बाहेर आली. आनंदाने टिटवी आपले गाणे गाऊ लागली, तोच हरणी खेकसली, "अगं, भृंगराजाच्या चांगल्या गाण्याची का वाट लावतेस?" भृंगराज फांदीवरून ओरडला, "गाणं तिचंच आहे! मी नुसतं म्हटलं!" "असेल, असेल," गवा म्हणाला, "पण तू म्हण ना पुन्हा." टिटवी पिल्लांना घेऊन पाण्याकडे निघाली. जंगलात ते गाणे अजूनही "चारांत माझा जीव आहे" असेच म्हणतात. टिटवीच्या मागे पिल्ले मात्र दोनच चालतात.

तात्पर्य : आवाज कर्कश असला तरी शब्द ऐकावेत. खरी गोष्ट गोड गळ्यातून येईपर्यंत आपण थांबलो, तर तो उशीर आपल्याला नाही, ती आधी सांगणाऱ्याला भोवतो.