म्बेयूचे खड्डे

पूर्वी भरुकच्छ नगरात पिंगल नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सागरी व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव नंदिसेन. वडिलांच्या मागे तो आणि कर्णक नावाचा त्याचा भागीदार एका जहाजाचे अर्धे-अर्धे धनी झाले. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की ते तांदूळ भरून पश्चिम समुद्रापलीकडच्या किनाऱ्याला जात, तिथल्या डोंगरावरचे काळे, जड लाकूड घेत आणि वारा फिरला की घरी परतत.

एका वर्षी जहाज किनाऱ्याला लागले, पण एकही होडी सामोरी आली नाही. गावात चुली थंड होत्या. मुले भिंतीला टेकून बसली होती, कुणी खेळत नव्हते. नंदिसेनाला तिथली बोली येत असे. म्बेयू नावाची एक म्हातारी शेतकरीण दारात बसली होती. तिला त्याने विचारले, "आई, डोंगरावरचे रान कुठे गेले?"

"तुझ्या जहाजात गेले," ती म्हणाली. "आधी तुझ्या बापाच्या, मग तुझ्या. झाडे गेली आणि पावसाने माती वाहून नेली. आता बी पेरले तरी रुजत नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते बोलणे नंदिसेनाच्या फार जिव्हारी लागले.

गावाचा मुखिया चारो पुढे आला. "झऱ्याजवळ एक राई उरली आहे," तो म्हणाला. "ती तोडून न्या, पण तांदूळ द्या."

कर्णकाचे डोळे चमकले. पण नंदिसेन म्हणाला, "राई गेली तर झराही आटेल. माझ्या वाट्याचा तांदूळ गावाला असाच देतो."

कर्णक रागावला. आपल्या वाट्याचा तांदूळ घेऊन तो जहाजाने दक्षिणेच्या बंदरांकडे निघून गेला. "वारा फिरला की येईन, पण तुझ्यासाठी खोळंबणार नाही," एवढे बजावून गेला.

त्या दिवशी घरोघर भात शिजला. म्बेयूने चार घास खाल्ले आणि विचारले, "बाबा, हा तांदूळ संपेल. मग पुढच्या वर्षी आम्ही कुणाच्या जहाजाची वाट पाहायची?"

नंदिसेन तिच्यापाशी जमिनीवर बसला. "तूच सांग, आई," तो म्हणाला.

तेव्हा ती म्हणाली, "माझी आजी उन्हाळ्यात हातभर खोल खड्डे खणायची. त्यांत शेण आणि कुजका पाला घालायची. पाऊस आला की एकाच खड्ड्यात बाजरी आणि चवळी लावायची. उतारावर आडवी दगडांची ओळ रचायची. तोडल्या झाडांच्या खुंटांना धुमारे फुटले, तर त्यांना कुणी हात लावायचा नाही. लाकडाच्या बदल्यात तांदूळ मिळू लागला आणि खणायचे सगळे विसरले."

चारो म्हणाला, "जमीन दगडासारखी झाली आहे. उपाशी माणसे काय खणणार?"

नंदिसेनाने पहार उचलली. पहिल्या दिवशी तो आणि म्हातारी, दोघेच उतारावर होते. त्याच्या तळहातांना फोड आले. त्याचा पहिला खड्डा पाहून म्बेयू हसली. "अरे, ही तर थाळी झाली! अजून खोल जा." भाताचे पातेले त्याने शेताच्या बांधावरच मांडले. खणणारा असो वा नसो, आला त्याला भात मिळे. आठवडाभराने लोक नुसते जेवून जायला ओशाळले. आधी बायका आल्या, मग पुरुष आले. उन्हाळा सरेपर्यंत सगळा उतार खड्ड्यांनी भरून गेला.

वारा फिरला, पाऊस आला, बाजरी वीतभर वाढली. आणि मग पावसाने दडी मारली. तांदूळ संपत आला. कापणीला अजून दोन महिने होते. नेमका तेव्हाच कर्णक जहाज घेऊन परत आला. त्याच्याकडे तांदळाची पोती उरली होती. ते कळताच चारो कुऱ्हाड घेऊन राईकडे निघाला.

नंदिसेन त्याच्या आडवा उभा राहिला. चारो ओरडला, "बाजूला हो! तू उद्या घरी जाशील. माझी पोरे इथेच मरतील!"

नंदिसेनाच्या डोळ्यांपुढे भरुकच्छचे घर आणि वाट पाहणारी आई उभी राहिली. मग तो मागोमाग आलेल्या कर्णकाला म्हणाला, "जहाजातला माझा अर्धा हिस्सा आजपासून तुझा. सगळी पोती इथे उतरव."

"वेडा झालास? मग घरी कशाने येणार?"

"कापणी होऊ दे. मग पाहू."

चारोच्या हातातली कुऱ्हाड खाली आली. कर्णकाने पोती उतरवली आणि मान हलवीत शिडे उभारली.

पाऊस बावीस दिवसांनी परतला. खड्डे न खणलेल्या सपाट शेतांतली रोपे तोवर करपून गेली होती, पण खड्ड्यांच्या तळाशी ओल टिकली होती. तिथली बाजरी तरारली, चवळीच्या वेलींनी जमीन झाकली. कापणीच्या दिवशी चारोने पहिली पेंढी म्बेयूच्या ओटीत घातली. ती पुष्कळ वेळ कणसांवरून हात फिरवीत राहिली. पुढच्या पेरणीचे बियाणे मात्र तिने स्वतः निवडून मडक्यात भरले.

पुढच्या हिवाळ्यात कर्णक आला. वाटेत वादळात त्याचे धान्य भिजून कुजले होते आणि खलाशी उपाशी होते. चारो बाजरीच्या गरम भाकरी आणि चवळीची आमटी घेऊन स्वतः किनाऱ्यावर आला. कर्णक पोटभर जेवला. डोंगरावरच्या खुंटांवर माणसाएवढे वाढलेले धुमारे तो बराच वेळ पाहत राहिला. मग नंदिसेनाला म्हणाला, "चल घरी. तुझा हिस्सा तुझाच आहे. लाकडाऐवजी काय न्यायचे ते तूच ठरव."

एवढी कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची म्बेयू म्हणजे आपल्या विहाराच्या मागे भाजी पिकवणारी वृद्ध उपासिका. चारो म्हणजे कालच प्रव्रज्या घेतलेला, घाईने बोलणारा हा तरुण भिक्षू. कर्णक म्हणजे या गावचा व्यापारी, ज्याने आज संघाला भोजन दिले. आणि नंदिसेन मीच होतो. तांदूळ दिला, ते दान होते. पण शेत पिकेपर्यंत मी तिथून हललो नाही, ती अधिष्ठान पारमिता, धरलेला निश्चय शेवटपर्यंत न सोडण्याची."