मागच्या सीटचा आवाज

एका गावात एक भोळा गाडीमालक होता. गाडी मात्र भोळी नव्हती.

मालकाचं नाव निवास. गाडी पांढरी, उंच, सात माणसांची. चढताना पाय गुडघ्याच्या वर उचलावा लागायचा. आधी ती कुण्या ठेकेदाराकडं होती. त्यानं ती विकताना हसत हसत विकली, तेव्हाच कुणीतरी सावध व्हायला हवं होतं. पण निवासला घाई होती. त्याची बायको दीपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिला मुलगा झाला होता, आणि निवासनं ठरवून टाकलं होतं, "माझं बाळ घरी येईल ते मोठ्या गाडीतनं."

बाळ तीन महिन्यांचं झालं. निवासच्या आईनं अंगण सारवलं, पाळणा पुसला, नातू यायची वाट बघत उंबऱ्यावर बसली. निवास निघाला. निघताना आईनं बजावलं, "वाटेत कुठं थांबत बसू नकोस. सरळ जा."

निवासनं ते ध्यानात ठेवलं. निवास सांगितलेलं सगळं ध्यानात ठेवायचा. दुखणं तेच होतं.

अर्ध्या वाटेत तापमानाचा काटा वर गेला. मग बॉनेटमधनं वाफ आली. मग वाफेत रस्ता दिसेना. पण थांबू नको म्हणाली होती आई, म्हणून निवास थांबला नाही. शेवटी फाट्यावर गाडीच थांबली. नशिबानं समोरच बाबालाल मिस्त्रीचं गॅरेज होतं.

"अरे, एवढी तापली तरी चालवलीस?" बाबालालनं कपाळाला हात लावला. हाताचं ग्रीस कपाळाला लागलं. "हे बघ. तापलं की थांबायचं. वारा लागू द्यायचा. निवलं की वरनं पाणी घालायचं. नाहीतर एक दिवस कायमची बंद पडेल. कळलं?"

"कळलं," निवास म्हणाला.

सासुरवाडीत जावईबापू येणार म्हणून सासूबाईंनी सकाळपासून चुलीवर बासुंदी ठेवली होती. दूध आटत आटत बदामी झालं होतं. तेवढ्यात आतनं बाळाचं रडू आलं. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, जरा कढईकडं लक्ष ठेवा. मी आलेच."

निवासनं लक्ष ठेवलं. कढईतनं वाफ येत होती. त्यानं चुलीतली लाकडं ओढली. सुपानं वारा घातला. कढई निवली. मग कोपऱ्यातली कळशी उचलली आणि वरनं ओतली.

सासूबाई बाहेर आल्या आणि मटकन खालीच बसल्या. "अहो, हे काय केलंत?"

"तापली होती," निवास म्हणाला. "आणखी उशीर झाला असता तर कायमची बंद पडली असती."

सासरे आनंदराव ओसरीवरनं उठून आले. त्यांनी कढईत बघितलं. मग दारातल्या गाडीकडं बघितलं, ती अजून बारीक धूर सोडत होती. मग जावयाकडं बघितलं.

"ज्याला दुधाची कढई सांभाळता येईना, त्याच्या गाडीत माझं नातवंड बसवू?" ते म्हणाले. "जावईबापू, आधी ही गाडी न बिघडता माझ्या दारापर्यंत आणून दाखवा. मग न्या."

दीपाली दारामागनं हळूच म्हणाली, "अहो, लवकर या. मला घरी यायचंय." तिला नवरा आवडत होता. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

निवास एकटाच परत निघाला. फाट्याजवळ गाडीत लाल दिवा लागला. निवासनं बॉनेट उघडलं, टॉवेलनं वारा घातला आणि बाटली घेऊन ऑइलच्या तोंडात पाणी ओतणार, तेवढ्यात बाबालाल ओरडत आला.

"हात लावू नको! अरे, ऑइल कमी झालंय, तिथं पाणी?"

"तूच म्हणालास, पाणी घालायचं."

"ते वेगळं. आता नीट ऐक. लाल दिवा लागला की कशाला हात लावायचा नाही. गाडी जागेवर बंद. किल्ली काढायची. मला फोन लावायचा. मी येईपर्यंत तसूभर हलवायची नाही."

"तसूभर नाही," निवास म्हणाला, आणि ध्यानात ठेवलं.

पुढच्या खेपेला तो तालुक्याच्या गावावरनं निघाला, बाळाला मच्छरदाणी घ्यायची होती. गाडी झकास चालली होती. काटा खाली, धूर नाही, आवाज नाही. आणि भर चौकात लाल दिवा लागला.

निवासनं गाडी जागेवर बंद केली. किल्ली काढली. फोन लावला.

"मिस्त्री, लाल दिवा लागला."

"कुठंयस?"

"तालुक्याला, चौकात."

"एवढ्या लांब? बरं, निघालो. हलवू नकोस."

मागं गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. ट्रॅफिक हवालदार काचेशी आला. "ओ पाव्हणं, हिरवा लागला. चला."

"मिस्त्री आल्याशिवाय हलायचं नाही," निवास म्हणाला.

"अहो पण हिरवा लागला ना!"

तोवर परत लाल लागला. निवासनं वर बोट दाखवलं. "बघा. आपोआप गेला आणि आपोआप आला. फॉल्ट मोठा दिसतोय."

बाबालाल मोटरसायकलवर हत्यारांची पिशवी घेऊन धापा टाकत पोचला. त्यानं बॉनेट उघडलं. डॅशबोर्ड बघितला. खाली झोपून बघितलं. मग विचारलं, "लाल दिवा कुठाय?"

निवासनं खांबाकडं बोट केलं.

बाबालालनं हत्यारांची पिशवी परत मोटरसायकलला अडकवली. हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. मागचा एक बसवाला जे बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

निवास सासुरवाडीला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. आनंदरावांनी गाडीभोवती फेरी मारली. गाडीत काही खोट सापडली नाही, म्हणून जरा हिरमुसले. मग त्यांना आठवलं. "तिन्हीसांजेला तान्हं बाळ घराबाहेर काढत नाहीत. पुढच्या गुरुवारी या. आणि त्या वेळीही काही घोळ झाला, तर दीपाली आणि बाळ उन्हाळाभर इथंच."

घरी निवासच्या आईनं पाळण्याला हात लावला आणि नुसताच झोका दिला.

"उन्हाळाभर?" ती म्हणाली. "लेका, गुरुवारी रिकाम्या हातानं आलास तर बघ."

बाबालालनंही निवासचा कान पकडला होता. "दरवेळी मला लांब बोलवायचं नाही. गाडी सुरू आहे, नुसता आवाज येतोय, असं असेल तर आधी आवाज कुठनं येतो ते शोध. जो भाग आवाज करतोय, तो अलगद सोडव. आपटायचा नाही, धक्का लावायचा नाही. स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा आणि माझ्याकडं घेऊन यायचा. मी बघतो."

दोनच दिवसांत बॉनेटमधनं चिर्रर्र आवाज आला. निवासनं शोधलं. फॅनबेल्ट जुना होऊन चिरला होता. त्यानं तो अलगद सोडवला, फडक्यात गुंडाळला, बाबालालकडं नेला. बाबालालनं येऊन नवा बसवला. आवाज बंद.

पहिल्यांदाच निवासचं काहीतरी बरोबर आलं होतं. त्यामुळं तर पुढचं सगळं घडलं.

घरी आईनं विचारलं, "नवा घातला कशावरनं? जुना आणलास का परत?"

"नाही."

"खुळा रे खुळा! मिस्त्री लोकांकडनं जुना मागून घ्यायचा असतो. नाहीतर तोच पुसूनपासून बसवतात आणि नवा म्हणतात. ध्यानात ठेव, आपली वस्तू दिली आणि नवी घेतली की म्हणायचं, आमचं जुनं परत द्या. ते म्हणतील, तेच आहे, जुनं कुठनं आणू. सगळे असंच म्हणतात. आपण हलायचं नाही."

निवासनं ध्यानात ठेवलं.

बुधवारी आईनं त्याला ज्वारीचा डबा दिला. बाळ पहिल्यांदा घरात येणार, दारात त्याच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, त्याला ताजं पीठ हवं. निवास गिरणीवर गेला. गिरणीवाल्या तुक्यानं दळून डबा पुढं केला. निवासनं आत बघितलं. पीठ नवं, पांढरं, गरम.

"आता आमची जुनी ज्वारी परत दे," निवास म्हणाला.

"आं?"

"दिली होती ना मी? ती."

"अरे, तीच तर दळली!"

"सगळे असंच म्हणतात," निवास म्हणाला, आणि गिरणीच्या दारात मांडी घालून बसला.

लोक दळणं घेऊन आले, त्याला ओलांडून गेले. शेवटी तुक्यानं आपल्या पोत्यातली मापभर ज्वारी एका पिशवीत ओतून त्याला दिली आणि हात जोडले. निवास पीठही घेऊन आला आणि ज्वारीही. आईला वाटलं, पोरगं सुधारलं.

गुरुवार उजाडला. गाडी निघाली. तापली नाही. लाल दिवा नाही. चिर्र नाही, खडखड नाही. ऊन चढायच्या आत गाडी आनंदरावांच्या दारात उभी राहिली. आनंदरावांनी बॉनेटला हात लावून बघितला, खाली वाकून बघितलं, टायरला लाथसुद्धा मारून बघितली. गाडी गप्प. मग त्यांनी खाकरून आत हाक मारली, "दीपाली, आवर गं."

दीपालीनं बाळाला टोपडं घातलं, त्यावर टोपडं घातलं, पिवळं झबलं घातलं, आणि एका पिशवीत आणखी कपडे भरले. मग दुसऱ्या पिशवीत. तिसरी पिशवी कशाची होती, ते पहिलटकरणीलाच विचारावं. मी विचारणार नाही, माझ्याकडं चार असतात.

आनंदराव म्हणाले, "पोचल्यावर फोन करा. गाडी नीट गेली का, ते सांगा."

फाट्याशी दीपाली म्हणाली, "अहो, थांबवा. इथल्या देवीची ओटी भरते. बाळ होऊ दे म्हणून नवस बोलले होते." देऊळ रस्त्याच्या वरच्या अंगाला, पायऱ्यांचं. बाळाला नुकती झोप लागली होती. ऊन मी म्हणत होतं. दीपालीनं गाडी झाडाखाली लावायला लावली. मग बाळाकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, परत बाळाकडं बघितलं.

"मी पाच मिनिटांत येते. बाळाला एकटं सोडून कुठं जायचं नाही."

"एकटं सोडणार नाही," निवास म्हणाला.

दीपाली पायऱ्या चढून गेली. निवास स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. आणि आवाज आला.

आधी बारीक, कुरकुर. निवासनं कान दिला. मग जरा मोठा. त्यानं उतरून बॉनेटला कान लावला. तिथं नाही. खाली वाकला. तिथं नाही. डिकी उघडली. जवळ आला आवाज. मग मागचं दार उघडलं आणि निवासला आवाजाचं ठिकाण सापडलं.

त्यानं तो भाग अलगद सोडवला. आपटला नाही, धक्का लावला नाही. स्वच्छ फडक्यात गुंडाळला. आणि रस्ता ओलांडून समोरच्या गॅरेजमध्ये नेला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मागच्या सीटमधनं आवाज येतोय."

बाबालालनं फडकं बघितलं. फडक्यातनं दोन मुठी बाहेर आल्या होत्या. त्याचे हात ग्रीसनं काळे होते, म्हणून त्यानं ते तसेच वर धरले आणि गॅरेजला लागूनच्या घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली, "जैनब! अगं, लवकर ये बाहेर!"

जैनबभाभींनी बाळ घेतलं, आत नेलं आणि जाता जाता निवासला म्हणाल्या, "उभा काय राहिलास? जा, याच्या आईला घेऊन ये."

निवास गाडीपाशी आला. दीपाली पायऱ्या उतरून आली होती. मागचं दार सताड उघडं. सीट रिकामी.

"बाळ कुठंय?"

"दुरुस्तीला दिलंय," निवास म्हणाला.

दीपालीच्या हातातला नारळ रस्त्यावर गडगडत गेला. ती कशी धावली, चप्पल कुठं राहिली, तिचं तिला कळलं नाही. मिस्त्रीच्या घराच्या ओसरीवर जैनबभाभींच्या खांद्यावर बाळ गपगार पडलं होतं. अंगात त्यांच्या नातवाचं हिरवं झबलं. टोपडं एकच. दीपालीनं बाळ छातीशी घेतलं, हुंगलं, बोटं बघितली, कान बघितले, आणि मग रडली.

"काय झालं होतं हो याला?"

"काही नाही, वहिनी," बाबालाल म्हणाला. "खालनं गळत होतं. हिनं दुपटं बदललं. आवाज बंद."

जैनबभाभी आधी हसल्या. मग दीपालीला रडता रडता हसू आलं. "चला हो आता घरी," ती म्हणाली. "सासूबाई वाट बघत असतील."

निवास हलला नाही. तो बाळाकडं निरखून बघत होता.

"मिस्त्री," तो म्हणाला, "हे नवं दिसतंय."

"आं?"

"आवाज नाही. गळती नाही. रंगही वेगळा. आमचा पिवळा होता. चांगलं आहे हे, नाही म्हणत नाही. पण आमचं जुनं परत द्या."

दीपालीनं विनवण्या केल्या. जैनबभाभी रागावल्या. निवास टायरवर मांडी घालून बसला. ऊन उतरायला लागलं. मग दीपालीनं बाळ जैनबभाभींच्या हातात दिलं, म्हणाली, "भाभी, मागं बसा," आणि निवासच्या खिशातनं किल्ली काढून घेतली. माहेरी ती ट्रॅक्टर चालवायची. ही गाडी तिला हलकीच वाटली.

गाडी तापली नाही. बिघडली नाही. तिन्हीसांजेच्या आत दारात उभी राहिली. निवासच्या आईनं बाळावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि पाळण्याचा पहिला खरा झोका दिला. दीपालीनं माहेरी फोन लावला.

"पोचलो, बाबा. गाडी एकदम नीट आली."

"आणि जावईबापू?"

"ते मिस्त्रीकडं आहेत."

"म्हणजे बिघडलीच ना शेवटी!"

"नाही, बाबा. गाडीला काही झालेलं नाही."

तिकडं फाट्यावर बाबालालनं गॅरेजचं शटर अर्धं ओढलं, आणि निवासच्या पुढ्यात उकिडवा बसून, हात जोडून म्हणाला, "अरे माझ्या बापा, तेच पोरगं होतं ते! तुझंच!"

"सगळे असंच म्हणतात," निवास म्हणाला, आणि मांडी आणखी घट्ट घातली.