तांब्या पालथा झाला

भांडी बोलायची आणि जनावरं त्यांना गाऱ्हाणी सांगायची, तेव्हाची ही गोष्ट. एका घरी पितळेचा तांब्या होता, पोटानं मोठा नि मनानं हळवा. म्हैस रुसली की त्याच्यात पुटपुटायची, मांजर चोरलेल्या दुधाची धास्ती ओतायची, कोंबडी तर उगाचच रडून जायची. तो सगळं पोटात ठेवी.

पाडव्याच्या सकाळी वेळूची काठी साडी नेसून नटली. तांब्या तिच्या डोक्यावर सुलटाच जाऊन बसला, तशी ती वाकून थेट सड्याला टेकली.

"अगं आई गं," काठी म्हणाली, "दिसतोस रिकामा, मग हे वजन कसलं रे मेल्या? गुढी पडली तर गावभर हसं होईल. पालथा हो."

"सगळं सांडेल की. म्हैस काय म्हणेल?"

"म्हैस कधीच विसरली. ती बघ, शेपटी उडवत कडबा खातेय. तूच बसलायस राखण करत."

तांब्यानं डोळे मिटून कोलांटी घेतली. भडाभडा रुसवे सांडले, धास्ती घरंगळली, कोंबडीची आसवं सड्यात जिरली. रिकाम्या पोटात वारा शिरला नि त्याला गुदगुल्या झाल्या. तो असा घुमून हसला की साखरेची गाठी नाचायला लागली, कडुलिंबाची डहाळीसुद्धा खुदकली आणि काठी ताठ उभी राहिली.

उन्हं कलली, गुढी उतरली. मांजर टपलेलीच होती. "तांब्यादादा, मी श्रीखंडात तोंड घातलं. पोटात ठेवशील?"

"ठेवीन की बाई," तांब्या म्हणाला, "पण घासणं होईपर्यंतच."

तेव्हापासून तांब्या घासला की पालथा घालतात. पुढच्या पाडव्यापर्यंत कोण थांबणार?