खांद्यावरचं बेट

स्कॉटलंडच्या एका बेटावर एफी नावाची बाई मासे साफ करून पोट भरायची. तोंडाने फटकळ. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हावं का, यावर मतदान आलं, तेव्हा लंडनचा एक मंत्री बेटावर सभेला आला. छाती फुगवून म्हणाला, "इतकी वर्षं आम्ही तुम्हाला खांद्यावर वाहिलं. वेगळे झालात तर दवाखान्याची बोट बंद!"

त्या बोटीशिवाय आजारी माणूस बेटावरच मरायचा.

एफी उठली. "साहेब, माझा नवरा त्याच बोटीमुळे वाचला. तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरायची नाही. पण एवढं ओझं वाहून तुमचे खांदे भरून आले असतील हो! आता उतरवा आम्हाला, जरा विसावा घ्या."

मंत्री गडबडला. "छे छे बाई, ओझं कसलं! तुमचं तेल, तुमचे मासे, तुमची माणसं... तुमच्यावाचून आमचंच अडेल."

"अगोबाई! म्हणजे तुम्हीही आमच्या खांद्यावर होतात? मग उपकार फिटले की! आता मत काहीही पडो, बोट बंद करायचं नाव काढू नका."

सभा खो खो हसली. मंत्र्याला सगळ्यांदेखत बोटीचा शब्द द्यावा लागला. एफीने त्याबद्दलही त्याचे मनापासून आभार मानले.