भुंग्याचं लाल अंथरूण

एक होता भुंगा. एवढुस्सा! काळा कुळकुळीत. आणि एका जागी बसेल तर शपथ! सारखं आपलं गुंऽ गुंऽ गुंऽ. अगदी तुझ्यासारखं.

निजायला मात्र त्याला एकच जागा लागे. नलूमावशीच्या गॅलरीतलं लाल ट्युलिपचं फूल. संध्याकाळी फूल मिटायचं. आत भुंगा, वर पाकळ्यांचं पांघरूण.

मावशीचं हे पहिलंवहिलं ट्युलिप. तिने त्याचा कांदा आणला. दीड महिना फ्रिजमध्ये गार ठेवला. काकांनी तर एकदा तो चिरायलाच घेतला होता! वाचला बिचारा. मग तो कुंडीत लावला. शेजारी तुळस. मावशी तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालायची. म्हणून ट्युलिपलाही तांब्याभर. वर लाडाने आणखी एक.

"पी बाळा, पी," म्हणायची.

एक दिवस काय झालं? फुलाने मान टाकली. लुळूक! भुंगा पडला खाली. टप्प!

"अरे देवा! माझं अंथरूण!"

"फुला, फुला, ऊठ ना!
मी निजू कुठं?"

फूल म्हणालं, "कसं उठू रे? माझे पाय बुडालेत पाण्यात. आधी माती सुकू दे, मग मी उठेन."

गुंऽ गुंऽ गुंऽ. भुंगा गेला मातीकडे.

"मातीबाई, मातीबाई, सुका ना!
फूल उठेना,
मी निजू कुठं?"

माती म्हणाली, पच्च पच्च. "कशी सुकू रे? कुंडीच्या बुडाला भोक आहे. भोकात खडा बसलाय. पाणी जाईल कुठून? आधी खडा निघू दे, मग मी सुकेन."

गुंऽ गुंऽ गुंऽ. भुंगा गेला कुंडीखाली, खड्याकडे.

"खडेराव, खडेराव, निघा ना!
माती सुकेना,
फूल उठेना,
मी निजू कुठं?"

खडा म्हणाला, "मी बरा आहे इथे. गच्च बसलोय. आधी काडीला ढोसू दे, मग मी निघेन."

आता आली का पंचाईत! ऊन उतरायला लागलं. भुंग्याचा जीव वरखाली.

गुंऽ गुंऽ गुंऽ. भुंगा गेला काडीकडे.

"काडीताई, काडीताई, ढोस ना!
खडा निघेना,
माती सुकेना,
फूल उठेना,
मी निजू कुठं?"

काडी म्हणाली, "मी का चालत जाऊ? मला पाय आहेत का? आधी मावशीला मला धरू दे, मग मी ढोसेन."

गुंऽ गुंऽ गुंऽ. भुंगा गेला मावशीकडे.

"मावशी, मावशी, धर ना!
काडी ढोसेना,
खडा निघेना,
माती सुकेना,
फूल उठेना,
मी निजू कुठं?"

मावशी घरभर फिरत होती. उशी उचल, डबा उघड, पलंगाखाली वाक.

"अरे हो हो! किती गुणगुणशील? माझा चष्मा सापडेना. मला काडी दिसणार कशी? आधी चष्मा मिळू दे, मग मी धरेन." मग तिने फुलाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "मान टाकली वाटतं याने. तहान लागली असेल गं बाई! थांब, आणखी एक तांब्या आणते."

"नको! नको! नको!" भुंगा ओरडला.

पण मावशी गेलीसुद्धा. नळ सुरू झाला. डब डब डब. तांब्या भरायला लागला.

आणि चष्मा होता कुठे? सांग बघू! झोपाळ्यावर, बोक्याच्या पोटाखाली.

गुंऽ गुंऽ गुंऽ! भुंगा गेला बोक्याकडे.

"बोकोबा, बोकोबा, उठा ना!
मावशी धरेना,
काडी ढोसेना,
खडा निघेना,
माती सुकेना,
फूल उठेना,
मी निजू कुठं?"

बोका म्हणाला, घुर्रर्र. "चल, हट! आधी ऊन जाऊ दे, मग मी उठेन."

ऊन जाईपर्यंत तांब्या आला ना! डब डब डब.

भुंगा बोक्याच्या या कानाशी गेला. गुंऽ गुंऽ गुंऽ. त्या कानाशी गेला. गुंऽ गुंऽ गुंऽ. बोक्याने नुसता कान हलवला.

भुंगा थकला. पंख दुखले. रडूच आलं त्याला. गुंगुं बंद झालं, आणि तो मुकाट्याने बसला. जन्मात पहिल्यांदा गप्प बसला! बसला कुठे? बोक्याच्या नाकावर.

नाक हललं. मिश्या हलल्या. आणि...

आऽऽऽक्छी!

बोका उठला.
चष्मा मिळाला.

मावशीने चष्मा लावला. "अगंबाई! कुंडीत तळं! मीच बुडवलं की रे तुला!" तांब्या तिने तुळशीपाशी ठेवून दिला.

मावशीने काडी धरली.
काडीने ढोसलं.
खडा निघाला. टुणुक!
पाणी पळालं. भळ भळ भळ!
माती सुकायला लागली.

आणि फूल? थांब, थांब! एवढी घाई? मावशीने कुंडी सावलीत सरकवली. भुंगा कठड्यावर. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

उठलं? नाही.
उठलं? नाही.
आता? अंहं.

दिवेलागण झाली. मावशीने मातीत बोट घातलं. "ओली आहे अजून. आज पाणी नाही हं, बाळा."

तेव्हा फुलाने मान उचलली. थोडीशीच. भुंग्यापुरती.

भुंगा सुर्रकन आत! पाकळ्या मिटल्या. एक पाकळी, दुसरी पाकळी, तिसरी. आतून आवाज आला, गुंऽ... गुं... मग तोही थांबला.

भुंग्याला मिळालं त्याचं अंथरूण. आणि तुझं कुठंय? हे बघ, इथंच तर आहे. चल, शीर आत. आता गुंगुं बंद.