पाचवं पान अळणी

"...पण त्यातली पहिली कुठली, हे त्या पेटीला कळतं कसं?" अप्पांनी विचारलं.

रेवती हसली. "जी आधी जागी होईल ती पहिली, अप्पा."

"आणि एखाद्या दिवशी दुसरीच आधी जागी झाली तर?"

"तसं होत नाही."

"होत नाही काय..." अप्पा म्हणाले. बोट एंटरच्या कळीवर तसंच राहिलं.

ही आमच्या मठातली गोष्ट. मठ हिरण्यकेशीच्या काठावर, गडहिंग्लजपासून आठ मैल आत. मी तिथली पुस्तकं सांभाळतो आणि दुपारी पंगतीला बसतो. हे दुसरं काम मी जास्त मन लावून करतो, असं लोक म्हणतात. म्हणू देत. त्यामुळंच तर मी या गोष्टीत आलो.

चन्नाप्पा म्हणजे आमचे अप्पा. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मदतनीस होते. निवृत्त झाल्यावर एक स्क्रू ड्रायव्हर आणि दोन जोडी कपडे घेऊन मठात आले ते इथंच राहिले. अकरा वर्षं आसपासची गावं पायी फिरून त्यांनी म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. झाडपाल्याची औषधं, बैलांची दुखणी, न्हाऊ घालतानाची गाणी, बांधावरची भांडणंसुद्धा. त्यातली एकोणीस माणसं आता नाहीत. त्यांचे आवाज संगणकातल्या एका जुन्या हार्ड डिस्कवर होते, आणि ती डिस्क दिवाळीपासून टकटक वाजायला लागली होती.

अप्पांनी रेवती मगदूमला फोन लावला. आयुष्यातला पहिला संगणक तिनं अप्पांच्या हाताखाली उघडला होता. आता ती बंगळुरात एका मोठ्या कंपनीच्या हजारो डिस्क सांभाळते. अप्पांचा आवाज ऐकला आणि रजा टाकून निघाली. येताना दोन नव्या, साटा जातीच्या डिस्क आणल्या. मठाचा संगणक इतका जुना की असल्या डिस्कची वायर लावायला त्यात भोकच नाही, म्हणून एक कंट्रोलर कार्डही आणलं.

पहिले दोन दिवस संगणक चालवणाऱ्या लिनक्सनं त्या नव्या डिस्ककडे ढुंकूनही पाहिलं नाही. कार्ड बसलेलं, दिवा लागलेला, डिस्क फिरतेय, आणि पडद्यावर तिचा पत्ता नाही. रेवतीनं लिनक्सचा गाभाच नव्यानं बांधायला घेतला, त्यात त्या कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर घातला. दोनदा संगणक उठेचना. अप्पा शेजारी बसून तिला चहा देत होते आणि मधूनच एखादी वायर दाबून बघत होते.

तिसऱ्या दिवशी दोन्ही डिस्क दिसल्या. पोरीनं अशी आरोळी ठोकली की गोठ्यातली म्हैस उभी राहिली.

तिनं लगेच जुन्या डिस्कवरचे सगळे आवाज एका नव्या डिस्कवर उतरवून घेतले. तासाभरानं जुनी डिस्क शेवटची वाजली आणि कायमची गप्प झाली. आता ती एकोणीस माणसं जगात एकाच जागी उरली होती, त्या एका नव्या डिस्कवर. दुसरी नवी डिस्क रिकामी होती.

म्हणून रेवतीनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या डिस्कवर जे असेल ते दुसरीवर हुबेहूब उतरवायचं, आणि पहिलीवर जे नसेल ते दुसरीवरून पुसून टाकायचं. रोज पहाटे तो आपोआप चालणार होता. पण पहिल्यांदा तो अप्पांच्याच हातानं सुरू व्हायला हवा, हा तिचा हट्ट. चौथ्या दिवशी सकाळी वीज गेली आणि दीड तासानं आली, तेवढाच काय तो खोळंबा झाला. संगणक पुन्हा सुरू करून तिनं अप्पांना खुर्चीत बसवलं.

"एकदा बघून घे की सगळं," अप्पा म्हणाले.

"मी कालच बघितलोय, अप्पा. दाबा तुम्ही."

(ती इचलकरंजीची. आमच्याकडच्या बऱ्याच मुली स्वतःबद्दल असंच बोलतात, गेलो, आलो, बघितलो. बंगळुरात राहूनही तिचं हे सुटलं नव्हतं, म्हणून मला ती फार आवडायची.)

त्यानंतर अप्पांनी तो प्रश्न विचारला, जिथून मी सुरुवात केली.

अप्पांनी कळीवरचं बोट उचललं.

"पंगत बसलीय," ते म्हणाले. "आधी वाढून ये."

रेवतीचा चेहरा पडला. चार दिवस राबून तिनं जे उभं केलं, ते आमटीसाठी थांबायचं होतं. पण अप्पांना ती कधी उलट बोलली नव्हती. तिनं ओढणी कमरेला बांधली आणि आमटीचं पातेलं नि पळी उचलली.

आमच्या पंगतीचा एक रिवाज आहे. इथं कुणाची जागा ठरलेली नसते, स्वामींचीसुद्धा नाही. जो जसा येईल तसा दारापासून बसत जातो. आमच्यातल्या निंगाप्पा तात्यांना डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, त्यांची आमटी वेगळ्या भांड्यात अळणी असते. पहिल्या दिवशी अप्पांनी रेवतीला बोटानं तात्या दाखवले होते. पोरगी शिस्तीची. तिनं खिशातल्या वहीत लिहून ठेवलं, पाचवं पान अळणी. तीन दिवस तात्या पाचवेच आले, त्यामुळं तीन दिवस सगळं ठीक चाललं.

त्या दिवशी पाचव्या पानावर मी बसलो होतो.

पहिला घास घेतला आणि मी म्हणालो, "आज आमटीत मीठ विसरलासा काय?"

रेवती वळली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पंगतीवरून नजर फिरवली.

आठव्या पानावर निंगाप्पा तात्या डोळे मिटून जेवत होते. चार वर्षांनी माणसाच्या जिभेला मीठ लागलं होतं. त्यांनी भाताचं आळं करून घेतलं होतं आणि दुसऱ्यांदा वाटी पुढं केली होती.

अप्पा उठले. त्यांनी तात्यांची वाटी उचलली. तात्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. थोडी ओढाताण झाली... मग अप्पांनी अळणी आमटी आणून त्यांच्यापुढं ठेवली, आणि तात्या आयुष्यात कधी रुसले नसतील एवढे रुसले.

"पण पाचवं पान..." रेवती म्हणाली.

"पाचव्या पानावर आज हे बसलेत," अप्पा माझ्याकडं बोट करून म्हणाले.

ती तशीच उभी राहिली. पळीतली आमटी थेंबथेंब जमिनीवर पडत होती...

मग तिनं पातेलं खाली ठेवलं आणि ती धावत सुटली. मी खरकट्या हातानंच मागं गेलो.

संगणकासमोर उभ्यानंच तिनं डिस्कची यादी उघडली. लिनक्स त्या दोन डिस्कना जाग्या होतील त्या क्रमानं नावं देतं, हे तिनं मला नंतर समजावून सांगितलं. काल आवाजांची डिस्क पहिली होती. वीज आल्यावर रिकामी डिस्क आधी जागी झाली होती. म्हणजे आज पहिली रिकामी, दुसरी भरलेली. आणि प्रोग्राममध्ये तिच्याच हातानं लिहिलेलं होतं की पहिलीवर जे नाही, ते दुसरीवरून पुसायचं.

ती जमिनीवर बसली.

अप्पा हात धुऊन आले आणि तिच्याजवळ टेकले.

"मी चुकलो, अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही कळ दाबली असती तर ती सगळी माणसं..."

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तसाच राहू दिला.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"मला कुठलं माहीत असायला, बाळ. मला कळंना म्हणून विचारलं." आणि मग, "जेवून घे. भात निवतोय."

जेवण झाल्यावर तिनं प्रोग्राम पहिल्यापासून लिहिला. प्रत्येक डिस्क तयार करताना तिच्यावर एक लांबलचक क्रमांक उमटतो. ती कुठंही लावा, कधीही जागी होऊ दे, तो बदलत नाही. या वेळी तिनं तोच लिहिला. मग स्वतःच्या हातानं वायरींची अदलाबदल केली आणि सहा वेळा संगणक बंद करून सुरू केला. दरवेळी यादी नीट वाचली. नावं मागंपुढं झाली, पण क्रमांक आपल्या डिस्कला सोडून गेले नाहीत. सहाव्या खेपेला तिनं अप्पांकडं पाहिलं. या वेळी "दाबा" म्हणाली नाही.

अप्पांनी कळ दाबली.

चार वाजता ती रिकामी डिस्क भरली. तिच्यावरचा एक आवाज रेवतीनं लावून पाहिला. हेब्बाळची बाळाक्का म्हशीवरून जावेशी भांडत होती. बाळाक्काला जाऊन सहा वर्षं झाली. अप्पा हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

पाचच्या एसटीनं तिला जायचं होतं. निघण्याआधी तिनं दोन कागदी चिठ्ठ्या आणि डिंकाची बाटली घेतली. अप्पा संगणकाच्या पेटीचं झाकण बसवायच्या तयारीत होते.

"थांबा, डिस्कवर चिकटवून देतो. यांतली पहिली कुठली म्हणू, अप्पा?"

अप्पांनी तिच्या हातातल्या चिठ्ठ्या घेतल्या, घडी करून खिशात घातल्या, आणि पहिला स्क्रू फिरवत म्हणाले,

"बसू देत की कुठंबी. अळणी कुणाला लागतंय, तेवढं बघ."